थंडीत बंद, उन्हात मंद : तीन वर्षं जुन्या किफायती फ्लॅगशिप फोनचं दुखणं शोधताना

लक्षण असं. बॅटरी 28 टक्के दाखवते आहे, तुम्ही कॅमेरा उघडून फ्लॅश लावून फोटो घेता आणि स्क्रीन काळी पडते. पॉवरचं बटण दाबून धरलं की रिकाम्या बॅटरीचं चित्र येतं. चार्जरला लावलं की फोन थोड्या वेळात उठतो आणि वीस-बावीस टक्के दाखवतो. मग बरेच दिवस ठीक चालतो, आणि ऐन कामाच्या वेळी पुन्हा तेच. उन्हाळ्यात हाच फोन बंद पडत नाही, पण मंद होतो. भर उन्हात स्क्रीन आपोआप अंधारते, ‘फोन गरम झाल्यामुळे फ्लॅश बंद केला आहे’ असा संदेश येतो, आणि एरवी अर्ध्या तासात उरकणारं चार्जिंग तासावर जातं.

हे दोन वेगळे बिघाड समजून लोक दोन वेगळे इलाज करत बसतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे थकलेली बॅटरी, आणि फोन न उघडता घरच्या घरी ती ओळखता येते. ज्यांचा फोन दोन-तीन वर्षं जुना आहे, वेगाबद्दल काही तक्रार नाही, पण ज्यांना ‘बोर्ड गेलाय’ असं सांगून हजारोंचा आकडा ऐकवलाय, त्यांनी पैसे मोजण्याआधी हे सगळं एकदा जरूर करून बघावं.

माझ्या फोनवर ताण कसला पडतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी इंदुरात वाहन विम्याचे सर्व्हे करतो. आज पीथमपूर, उद्या देवास, परवा शहरातलंच एखादं गॅरेज. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, बॉनेटखाली वाकून अंधारात फ्लॅश लावून चॅसिस नंबरचा फोटो, एक व्हिडिओ, आणि सगळं तिथल्या तिथे अपलोड. जाता-येता फोन स्कूटरच्या हँडलवर नकाशा दाखवत असतो. मे महिन्यात इथलं तापमान चाळिशी ओलांडतं आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतं. फोनला दोन्ही टोकं सोसावी लागतात.

फोन आहे तो ‘किफायती फ्लॅगशिप’ वर्गातला. भारतात या वर्गाची खरी ओळख 2014 साली 21,999 रुपयांच्या वनप्लस वननं करून दिली. पुढे 2018 मध्ये पोको एफ1 हा फोन स्नॅपड्रॅगन 845 सारखी त्या वर्षीची अव्वल चिप घेऊन 20,999 रुपयांत आला. या वर्गाचा हिशेब तेव्हापासून फारसा बदललेला नाही : चिप महागड्या फोनची, काटकसर बाकीच्या गोष्टींत. पाण्यापासून संरक्षण कमी, वायरलेस चार्जिंग नाही, झूमचा कॅमेरा साधारण. माझी या व्यवहाराबद्दल आजही काही तक्रार नाही. तीन वर्षांनीही फोन कुठे अडखळत नाही, आणि म्हणूनच तो अवेळी टाकून द्यायला जिवावर येतं.

आधी नेमकं काय घडतं ते नीट पाहा

फोन बंद पडतो की रीस्टार्ट होतो, हा पहिला प्रश्न. दोन्ही प्रकार सांगताना लोक ‘फोन बंद होतो’ असंच म्हणतात, आणि पुढची सगळी चौकशी तिथेच भरकटते.

आपोआप कंपनीचं चिन्ह येऊन फोन पुन्हा सुरू होत असेल, आणि हे 80 टक्क्यांवरही होत असेल, तर संशय आधी सॉफ्टवेअरवर, एखाद्या अ‍ॅपवर किंवा पॉवरच्या बटणावर घ्यावा. बटणाची तपासणी अगदी सोपी आहे. घट्ट कव्हर लावलं की काही फोनचं बटण अर्धवट दाबलेलं राहतं. कव्हर काढून दोन दिवस वापरा. अ‍ॅपचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये चालवून बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करण्याचा पर्याय स्क्रीनवर आणून त्यावर बोट दाबून धरलं की सेफ मोडचं विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅपं चालत नाहीत, कॅमेरा मात्र चालतो.

याउलट फोन पूर्ण विझतो, तेही चाळीस टक्क्यांच्या खाली असतानाच, आणि विझण्याचा क्षण काहीतरी जोराचं काम सुरू होण्याचा असतो, तर बोट बॅटरीकडे जातं. जोराचं काम म्हणजे फ्लॅशचा फोटो, व्हिडिओ कॉल, गेम, किंवा सिग्नल कमजोर असताना मोबाइल डेटावर अपलोड. वाचताना, गाणी ऐकताना, साध्या कॉलवर फोन कधीच विझत नाही, हीसुद्धा महत्त्वाची खूण. माझ्या बाबतीत खंडवा रोडनं सिमरोलचा घाट उतरताना हे हमखास व्हायचं : नकाशा सुरू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, सिग्नल येतोय-जातोय, आणि फोन टॉवरला पकडून ठेवायला जास्तीत जास्त ताकद लावतोय.

28 टक्क्यांवर फोन का विझतो

टक्केवारी म्हणजे बॅटरीत किती भार शिल्लक आहे याचा फोननं केलेला अंदाज. फोनला चालायला मात्र व्होल्टेज लागतं. बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण 4.2 ते 4.45 व्होल्ट देतो आणि तीस टक्क्यांच्या आसपास 3.7 च्या जवळ असतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली, ढोबळमानानं 3.3 च्या आसपास किंवा त्याहून खाली गेलं, की फोन स्वतःला आणि बॅटरीला वाचवण्यासाठी बंद होतो. त्या क्षणी टक्के किती दिसताहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

प्रत्येक सेलला आतला असा एक रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, असतो. सेल नवा असताना तो थोडा असतो, जुना होत जातो तसा वाढतो. उदाहरणादाखल गणित करू. कॅमेरा, फ्लॅश आणि चिप यांनी मिळून क्षणभर 3 अँपिअर खेचले आणि आतला रोध 0.05 ओहम असेल, तर व्होल्टेज 0.15 नं खाली येईल : 3.7 चं 3.55, काही बिघडत नाही. हाच रोध वाढून 0.2 ओहम झाला, की घसरण 0.6 व्होल्टची होते. 3.7 चं 3.1, आणि फोन विझला. भार कमी होताच व्होल्टेज परत वर येतं, म्हणून चार्जरला लावल्यावर वीस-बावीस टक्के पुन्हा दिसतात. ते टक्के बहुतेक खरेच असतात.

गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण खाली येणारी नळी आतून क्षार साचून अरुंद झाली आहे असं समजा. एक नळ उघडला तर पाणी येतं, तीन एकदम उघडले की धार तुटते. टाकीत पाणी किती आहे हे बघून उत्तर मिळत नाही.

दमदार चिपच्या फोनमध्ये हे आधी का दिसतं, तेही यातूनच कळतं. अशी चिप एका झटक्यात बराच जास्त प्रवाह मागते. आईचा साधा फोन माझ्या फोनहून जुना आहे, बॅटरीही दुपारपर्यंत उतरते, पण तो पाच टक्क्यांपर्यंत चालत राहतो. त्याची चिप एवढा झटका मागतच नाही. किफायती फ्लॅगशिपमध्ये बाकी सगळं जागच्या जागी असताना बॅटरी एकटी आधी हार मानते, आणि आख्खा फोन बिघडल्यासारखं वाटतं.

थंडीनं हा रोध आणखी वाढतो, पण तेवढ्यापुरताच. म्हणून सकाळी गारठ्यात स्कूटर काढून कामाला निघालं की पहिल्याच फोटोला फोन विझतो आणि दुपारी तोच फोन त्याच टक्क्यांवर ते काम निमूट करतो. थंडी संपली की ‘बरा झाला’ असं वाटतं. झालेला काही नसतो.

ही काही एकाच कंपनीची किंवा एकाच मॉडेलची गोष्ट नाही. जुन्या आयफोनमध्ये अशाच अवेळी बंद पडण्यावर उपाय म्हणून 2017 मध्ये सॉफ्टवेअरमधून चिपचा वेग कमी केला गेला होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅपलनं ते जाहीरपणे मान्य केलं. त्यानंतर 2018 साली आयओएस 11.3 मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. अँड्रॉइड 14 पासून फोनला बॅटरीच्या चार्ज-फेऱ्या (ती एकूण किती वेळा पूर्ण भरून वापरली गेली) आणि तब्येत सांगता येईल अशी सोय झाली, पण प्रत्येक कंपनी ती सेटिंगमध्ये दाखवतेच असं नाही.

चार्जर लावून तीच कसोटी

सगळ्यांत भरवशाची तपासणी हीच, आणि तिला ना अ‍ॅप लागतं ना पैसे.

फोन पंचवीस-तीस टक्क्यांवर येऊ द्या. ज्या कामाला तो विझतो तेच काम करा. समजा, टॉर्च लावून व्हिडिओ घेणं आणि लगेच तो पाठवणं. विझला तर ठीक, विझला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात परत करून बघा. विझल्याची खात्री झाली की तेवढ्याच टक्क्यांवर, पण चार्जर किंवा चांगली पॉवर बँक जोडून, तेच काम करा. चार्जर जोडलेला असताना फोनला लागणारा प्रवाह मुख्यतः बाहेरून येतो, बॅटरीवर झटका पडत नाही. एकीकडे हमखास विझणारा फोन चार्जर लावल्यावर तेच काम बिनतक्रार करत असेल, तर कॅमेरा, चिप, मेमरी, सॉफ्टवेअर सगळे सुटले. उरली बॅटरी आणि तिला बोर्डाशी जोडणारा कनेक्टर.

चार्जर लावूनही विझत असेल तर मात्र बॅटरी बदलून पैसे वाया घालवू नका. मग गोष्ट खरोखर बोर्डाची असू शकते.

व्होल्टेज बघायचं ते असं

सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं अ‍ॅप बॅटरीच्या पानावर व्होल्टेज आणि तापमान दाखवतं. काही फोनमध्ये डायलरवर *#*#4636#*#* टाकलं तरी बॅटरीची माहिती उघडते, पण बऱ्याच कंपन्यांनी ते बंद केलेलं असतं. तीस टक्क्यांच्या आसपास फोन पाच मिनिटं शांत ठेवून आकडा बघा. मग टॉर्च लावा, स्क्रीन पूर्ण उजेडावर न्या, शक्य असेल तर स्क्रीन दोन भागांत करून एका भागात व्हिडिओ कॉल ठेवा आणि आकडा परत बघा. अ‍ॅप क्षणाक्षणाची घसरण पकडत नाही, तरी कल सरळ दिसतो. माझा फोन शांत असताना 3.71 दाखवत होता आणि भाराखाली 3.4 च्याही खाली जात होता.

राजेंद्र नगरात माझा आतेभाऊ राहतो. त्याच्याकडे हाच फोन, एकाच सवलतीच्या विक्रीत दोघांनी मागवलेला. त्याला म्हटलं, “दादा, जरा तुझ्या फोनवर हे करून दाखव ना.” तो म्हणाला, “अरे, माझा तर छान चालतोय, कशाला छेडतोस?” पण त्यानं करून दाखवलं : भाराखाली 3.6 च्या खाली गेलाच नाही. त्याचा फोन दिवसभर एसी ऑफिसात टेबलावर असतो. मॉडेल तेच, वय तेच, सॉफ्टवेअर तेच. फरक एवढाच की माझ्या फोननं तीन उन्हाळे हँडलवर काढले. शक्य असेल तर अशी तुलना जरूर करा, ती शंभर अंदाजांपेक्षा जास्त सांगते.

एक सावधगिरी. शंभर वॉटच्या पुढच्या चार्जिंगच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांत काही फोन दोन्हींचं मिळून, म्हणजे सात-आठ व्होल्ट दाखवतात. तसा आकडा दिसला तर घाबरू नका, निम्मा करून वाचा.

बॅटरीची उरलेली क्षमता अजमावायची असेल तर अ‍ॅक्युबॅटरी हे अ‍ॅप वापरा. ते चार्जिंग होताना आत किती भार गेला हे मोजून अंदाज बांधतं, त्यामुळे एका चार्जवरून काही ठरवू नये. पंधरा-वीस टक्क्यांवरून शंभरपर्यंत असे काही चार्ज होऊ द्यावेत. माझ्या फोनची क्षमता मूळच्या पाऊणपटीच्या जवळ आली होती, दादाची 90 च्या आतबाहेर. बॅटरी 80 टक्क्यांखाली गेली की ती बदलण्याच्या वयात आली असं सर्वसाधारणपणे मानतात. युरोपीय संघानं तर 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी नियमच केलाय की 800 फेऱ्यांनंतरही बॅटरीत किमान 80 टक्के क्षमता उरली पाहिजे.

उन्हाळ्यातलं रूप

उन्हात स्क्रीन अंधारणं नव्या फोनमध्येही होतं, हे आधी मान्य करायला हवं. बहुतेक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. मे महिन्यात आपण त्याच्या पुढे राहतो, वर ऊन थेट काचेवर, आणि उजेडाशी झगडायला स्क्रीन पूर्ण पेटलेली. फोननं स्वतःला सावरणं यात बिघाड काहीच नाही.

पाहायचं ते सावलीतलं वागणं. पंख्याखाली, कव्हर काढून, नेहमीच्या चार्जरनं चार्ज करताना तापमान किती चढतं? पूर्वी फोन कोमट व्हायचा आणि आता हाताला चटका जाणवतो, अ‍ॅपमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश दिसतात, तर तो वाढलेला रोधच बोलतोय. प्रवाह त्याच्यातून जाताना उष्णता होते. 45 अंशांच्या आसपास बहुतेक फोन चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात. म्हणून 80 वॉटचा चार्जर असूनही तास लागतो, आणि लोक चार्जर बदलत बसतात.

वाईट भाग असा की हे चक्र स्वतःला वाढवत नेतं. बॅटरी थकली की जास्त तापते, तापली की आणखी लवकर थकते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि सेलच्या आतली झीज ही अशीच क्रिया. त्यात बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर झीज आणखी जोरात होते. सकाळी शंभर टक्के भरून, उन्हात हँडलवर लावून, नकाशा सुरू ठेवून निघणं हे बॅटरीच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट. चार्जिंगला 80 टक्क्यांची मर्यादा घालायची सोय तुमच्या फोनमध्ये असेल तर मार्च ते जून ती चालूच ठेवा. रात्री घाई नसते तेव्हा जलद चार्जिंग सेटिंगमधून बंद करा. गाडीत फोन काचेला चिकटवण्यापेक्षा एसीच्या झडपेपुढे लावा.

स्कूटरच्या हँडलबद्दल आणखी एक. मोटरसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलनं 2021 मध्ये दिला होता, आणि तशी यंत्रणा आज या वर्गातल्या बहुतेक फोनमध्ये असते. मी आता फोन खिशात ठेवतो आणि एका कानात मार्गदर्शन ऐकतो. ऊनही टळतं.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कुणीतरी देतं. कृपया ठेवू नका. आत दमट हवेचं पाणी होतं, आणि या वर्गातल्या बऱ्याच फोनला पाण्यापासून पुरतं संरक्षण नसतं. कव्हर काढून, डेटा बंद करून, पंख्याखाली पालथा ठेवला की पुरे.

ज्यानं काही होत नाही

फॅक्टरी रीसेट. सेवा केंद्रात सगळ्यांत आधी हेच सुचवतात, मलाही सुचवलं. थकलेल्या सेलला रीसेटनं काही फरक पडत नाही. त्यापायी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, प्रत्येक बँकेच्या अ‍ॅपची नव्यानं नोंदणी, यूपीआयसाठी सिमवरून परत पडताळणी, एवढं सगळं करावं लागतं. चार्जरची कसोटी करून झाल्याशिवाय रीसेटला हात लावू नये.

मेमरी साफ करणारी अ‍ॅपं उलट त्रास देतात. बंद केलेली अ‍ॅपं पुन्हा उघडताना चिपला जास्तच काम पडतं.

शून्यापर्यंत उतरवून शंभरपर्यंत भरण्यानं टक्केवारीचा अंदाज थोडा सुधारतो, आतला रोध तसूभरही कमी होत नाही. एकदा करायला हरकत नाही, सवय लावू नये.

मोठ्या अपडेटनंतरचे दोन-तीन दिवस मात्र सोडून द्या. तेव्हा फोन मागच्या बाजूला फोटो आणि अ‍ॅपांची मांडणी करत असतो, तापतो, बॅटरीही खातो. त्या काळातल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका.

बॅटरी बदलेपर्यंत तग धरायचा असेल तर तीन गोष्टींचा खरा उपयोग होतो. पॉवर सेव्हिंग मोड, कारण तो चिपचा सर्वोच्च वेग कापतो. स्क्रीनचा रीफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, 120 वरून 60 हर्ट्‌झवर. आणि सिग्नल कमजोर असलेल्या भागात 5जी बंद करून 4जी. फ्लॅशऐवजी मी हातात छोटी टॉर्च ठेवायला लागलो, आणि निव्वळ तेवढ्यानं फोन विझणं बरंच कमी झालं.

बॅटरी बदलताना

मला एका अधिकृत सेवा केंद्रात फोन पाच मिनिटंही न तपासता बोर्ड बदलायला सांगितलं गेलं. खर्च नव्या फोनच्या निम्म्याजवळ. मी चार्जरच्या कसोटीबद्दल सांगितलं तरी कुणी ती करून बघितली नाही. हे मनाला लागलं, कारण माझ्यासारखा माणूस हट्टानं दुसरीकडे जातो, बाकीचे घरी जाऊन नवा फोन मागवतात.

मग जेल रोडवर गेलो. इंदुरात मोबाइलचं काहीही असो, शेवटी पाय तिकडेच वळतात. तिथल्या एका कारागिरानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. गरम पट्टीवर फोन ठेवून मागची काच सैल केली, चोषक लावून उचलली, बॅटरीचा कनेक्टर काढला आणि तिथे टेबलावरच्या डीसी सप्लायच्या, म्हणजे बॅटरीऐवजी फोनला वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या, चिमट्या जोडल्या. चार व्होल्टवर फोन सुरू केला. कॅमेरा उघडला, फ्लॅश मारला, व्हिडिओ घेतला. सप्लायवरचा अँपिअरचा आकडा उड्या मारत होता, फोन शांत चालत होता. मग बॅटरीवर अंगठा हलकेच टेकवून म्हणाला, “भिया, बोर्ड एकदम ठीक है, सेल बैठ गया है.” बोटाखाली ती जराशी फुगीर लागत होती. बॅटरी बसली आहे हे तो शब्दांत सांगण्याआधीच मला दिसलं होतं. दुरुस्तीला कुठेही गेलात तरी डीसी सप्लायवर चालवून दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो.

फुगीर शब्द आलाच आहे तर ठासून सांगतो. मागची काच उचललेली दिसली, स्क्रीन एका कडेनं वर आल्यासारखी वाटली, तर वर सांगितलेली कुठलीही कसोटी करू नका. चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, फोन बंद करून थेट दुरुस्तीला न्या. फुगलेला सेल टोचला किंवा वाकला तर पेट घेऊ शकतो.

बॅटरी घेताना वेष्टनापेक्षा बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक बघा, जुनीवर जो आहे तोच हवा. उत्पादनाची तारीख बघा. दोन वर्षं दुकानात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. क्षमता मूळपेक्षा बरीच जास्त छापलेली असेल तर घेऊ नका. त्याच जागेत त्याच मापाचा सेल एवढं जास्त देऊ शकत नाही. जलद चार्जिंग परत तसंच होतंय का हे दुकानातच, कंपनीच्याच चार्जर आणि केबलनं बघा. स्वस्त नकलेवर फोन चालतो, पण जलद चार्जिंग ओळखत नाही. काच पुन्हा बसवताना जुना गोंद पूर्ण खरवडून नवा लावायला सांगा. तरीही पाण्याबाबत कंपनीनं दिलेली हमी यापुढे धरू नये. सेवा केंद्रात तुमच्या मॉडेलची बॅटरी मिळत असेल आणि ते बोर्डाचा हट्ट न धरता फक्त बॅटरी बदलून देत असतील, तर थोडे जास्त पैसे देऊन तिथूनच घ्या.

जुनी बॅटरी दुकानात मागून घ्या किंवा ते ती कुठे देतात हे तरी विचारा. इंदुरात दारावर येणाऱ्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी तिथेच द्यावी, सुक्या कचऱ्यात मुळीच नको. कचरा दाबला जातो तेव्हा असा सेल आग लावू शकतो.

नवी बॅटरी बसल्यावर

पहिले काही चार्ज टक्केवारी विचित्र वागू शकते. चाळीसवरून एकदम तीसवर येणं, शंभरवर बराच वेळ थांबणं, असं होतं. फोनच्या मनात जुन्या सेलचा हिशेब असतो, तो हळूहळू बदलतो. त्यासाठी काही करावं लागत नाही.

आठवड्यानं तीच कसोटी, त्याच टक्क्यांवर, चार्जर न लावता करा. माझा फोन आता भाराखाली 3.6 च्या आसपास राहतो, बारा टक्क्यांवरही फ्लॅशचा फोटो घेतो, आणि पंख्याखाली चार्ज होताना नुसता कोमट होतो.

नव्या बॅटरीवरही विझत असेल तर आधी त्याच दुकानात कनेक्टर नीट बसलाय का आणि त्याच्या पट्टीला चीर गेलीय का हे बघायला सांगा, काच बसवताना ही पट्टी दुमडली जाऊ शकते. ते ठीक असेल आणि डीसी सप्लायवरही फोन विझत असेल, तर मग खरंच पॉवरची आयसी (बोर्डावरची वीज सांभाळणारी चिप) किंवा बोर्ड. अशा वेळी तुमच्या मॉडेलला सुरक्षा अपडेट अजून किती काळ मिळणार आहेत ते कंपनीच्या जाहीर वेळापत्रकात बघा. वर्षभराच्या आत ते संपणार असतील आणि याच फोनवर तुमचे बँकेचे व्यवहार चालत असतील, तर बोर्डावर पैसे घालू नका. दीड-दोन वर्षं शिल्लक असतील, तर बोर्डाची आयसी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून आधी लेखी अंदाज घ्या आणि कामाची निदान तीन महिन्यांची हमी मागा.